मशीन चलता, पण थंड करीना

मे महिन्याचा दुसरा आठवडा. देवबागची ती चिंचोळी पट्टी: एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांच्या सावलीत दाटीवाटीने उभी असलेली होमस्टेची घरं. त्यांतल्या एका घराच्या खळ्यात मेस्त्रींनी स्कूटर लावली, तेव्हा मालकीणबाई पडवीत त्यांची वाटच बघत होत्या. आतल्या खोलीत पुण्याहून आलेलं कुटुंब. दोन्ही मुलं घामाने चिंब, आणि वडिलांचे सकाळपासून दोनदा पैसे परत मागून झालेले.

"मेस्त्रीनू, मशीन चलता, पण थंड करीना," बाई म्हणाल्या. "गॅस संपलो आसतलो. गेल्या मे म्हयन्यात भरून घेतललो, दिवाळीक परत घेतललो. आता ही तिसरी खेप. माका येक सांगा, ह्यो गॅस जाता तरी खंय?"

प्रश्न बिनतोड होता. मेस्त्रींनी लगेच उत्तर दिलं नाही आणि पिशवीतलं गेजही बाहेर काढलं नाही. ते आधी इनडोरखाली जाऊन उभे राहिले आणि तळहात वर धरला. हवा येत होती, चांगली जोरात येत होती, पण साध्या पंख्याच्या वाऱ्याइतकीच गार. मग ते घराला वळसा घालून मागे गेले. आउटडोर पश्चिमेच्या भिंतीवर, थेट दर्याकडे तोंड करून बसवलेलं. त्यांनी तांब्याच्या दोन्ही पाइपांना हात लावून बघितला. बारीक पाइपावर सांध्यापाशी पांढरं हिम धरलेलं. जाड पाइप कोरडा, कोमट. आउटडोरचा पंखा फिरत होता, पण त्यातून येणारा वारा जेमतेम ऊन होता. शेवटी त्यांनी कॉईलच्या पात्यांवर अंगठा टेकवला आणि हलकेच दाबला. चांगल्या कॉईलच्या पात्या दाबल्या की वाकतात. या वाकल्या नाहीत, त्यांचं पीठ झालं. तांदळाच्या पिठासारखी पांढरी भुकटी अंगठ्याला लागली.

"गॅस हंयसून जाता," असं म्हणत त्यांनी कॉईलच्या कडेच्या वळणांवर साबणाचा फेस लावला. एका वळणावर बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. मशीनला अडीच वर्षं झाली होती.

या मेस्त्रींना गावात नावाने कमी आणि 'एसीवाले मेस्त्री' म्हणून जास्त ओळखतात. पन्नाशीकडे झुकलेले. आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा कोर्स केला, मग मालवणातल्या बहुतेक मुलांसारखी मुंबई गाठली. सहा-सात वर्षं तिथल्या ऑफिसांची आणि दुकानांची मशीनं उघडली, आणि वडील थकले तेव्हा परत आले. परत आले त्या काळात मालवणात एसी बोटांवर मोजण्याइतके होते: एखादी बँक, एक-दोन दवाखाने, मोजकी लॉजेस. पोट चालायचं ते फ्रिज आणि आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरवर. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता खरा, पण तारकर्लीच्या वाळूपर्यंत माणसांची रीघ लागायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. स्कूबा आलं, घरोघरी होमस्टे झाले, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीचं विमानतळ सुरू झालं. आता वायरीपासून देवबागपर्यंत 'एसी रूम' ही पाटी नसलेलं घर शोधावं लागतं. मेस्त्रींचा फोन मार्चमध्ये वाजायला लागतो तो पाऊस धरेपर्यंत थांबत नाही. मग गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा पुन्हा, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात परत.

या फोनांमध्ये "चालूच होत नाही" ही तक्रार त्यांना सोपी वाटते. वीज कुठपर्यंत आली आणि कुठे अडली, एवढंच शोधायचं. "चालतं पण थंड करत नाही" ही तक्रार फसवी. दिवा लागलेला असतो, पंखा फिरत असतो, बाहेरचं मशीन घरघरत असतं. सगळं जागच्या जागी दिसतं, फक्त खोली गार होत नाही. आणि अशा वेळी घरमालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'गॅस'. बऱ्याच मेकॅनिकांच्याही येतो. गॅस दिसत नाही, घरमालकाला मोजता येत नाही, त्याचं बिल मात्र करता येतं.

मेस्त्रींचा क्रम वेगळा आहे. आधी हवा, मग पाणी, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी गॅस.

हवेपासून सुरुवात करायचं कारण त्यांना एका खानावळीत सापडलं. मालवणातली गजबजलेली जागा, दारात शनिवार-रविवारी रांग. एसीच्या बरोबर समोर स्वयंपाकघराचं दार. आत दिवसभर बांगडे आणि सुरमई तव्यावर, त्या तेलाचा धूर दार उघडलं की बाहेर. इनडोरमधून हवा कमी येत होती, आतली कॉईल बर्फाने गच्च झाली होती आणि तो बर्फ वितळून पाणी थेट गिऱ्हाइकांच्या ताटात टपकत होतं. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने बर्फ बघून 'गॅस कमी' असं सांगितलं होतं. मेस्त्रींनी फिल्टर काढला. तो धुतलेला होता, कारण मालक दर आठवड्याला धूत होता. पण फिल्टरच्या मागे, ब्लोअरच्या पात्यांवर, तेल आणि धूळ मिळून काळा चिकट लेप बसला होता, पापडाइतका जाड. कॉईलमधून वाराच जात नव्हता. वारा गेला नाही तर कॉईलला उष्णता मिळत नाही, ती शून्याखाली उतरते आणि तिच्यावर बर्फ धरतो. मग तो बर्फच उरलासुरला वारा अडवतो. सगळं उतरवून, साबणाच्या फेसाने आणि पंपाच्या फवाऱ्याने दोन तास धुतलं. सकाळी जाळीतून १९ अंशांची हवा येत होती. धुतल्यावर १३ ची आली. गॅसला हात लावला नाही.

गारव्याची परीक्षा मेस्त्री अशीच करतात. एक साधा थर्मामीटर आत जाणाऱ्या हवेत धरायचा, मग बाहेर येणाऱ्या हवेत. दोन आकड्यांत ८ ते १२ अंशांचा फरक असला तर मशीन आपलं काम करतंय. तरी खोली गार होत नसेल, तर दोष दुसरीकडे शोधायचा.

त्याहून सोपाही दोष असतो. आचऱ्याच्या बाजूला एका घरात एकट्या राहणाऱ्या आजी. नातवंडं मे महिन्याची सुट्टी संपवून मुंबईला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून "थंड वारो येना नाय". मेस्त्री उन्हातून तिथवर गेले. रिमोट हातात घेतला, तर त्यावर पंख्याचं चित्र. पोरांनी जाता जाता बटणं दाबली होती आणि मशीन नुसत्या पंख्यावर चालत होतं. बर्फाच्या कणाचं चित्र येईपर्यंत त्यांनी एक बटण दाबलं. पैसे घेतले नाहीत, कोकम सरबत घेतलं. तेव्हापासून ते फोनवरच पहिल्यांदा विचारतात, "रिमोटार चित्र कसला दिसता?"

मशीन थंडी तयार करत नाही, ही गोष्ट लोकांना पटवणं मेस्त्रींना सगळ्यात अवघड जातं. मच्छीमारांना मात्र ती लगेच कळते. होडीत शिरलेलं पाणी माणूस जसं उपसून बाहेर फेकतो, तसं हे मशीन खोलीतली उष्णता उपसतं. आतल्या कॉईलमध्ये द्रवाची वाफ होते, ती होताना खोलीतली उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉईलमध्ये ढकलतो, तिथे ती उष्णता सोडते आणि पुन्हा द्रव होते. एवढाच फेरा, दिवसभर. म्हणून आउटडोरमधून येणारा वारा चांगला गरम लागला पाहिजे. तो कोमट असेल, तर आतून उपसाच होत नाहीये.

'दीड टन' या शब्दाचाही उलगडा बर्फाच्या कारखान्यावर होतो. टन म्हणजे मशीनचं वजन असं समजणारे पुष्कळ आहेत. तो आकडा बर्फाचा आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. हा टन अमेरिकी, म्हणजे साधारण ९०७ किलोंचा. आजच्या हिशेबात सुमारे साडेतीन किलोवॅट. मासे टिकवायला होडीत लाद्या भरून नेणाऱ्या माणसाला दीड टन बर्फ म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण मालवणात खरी लढाई उष्म्याशी नसून दमटपणाशी आहे, आणि या मशीनचा जन्मही त्यातच झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात उन्हाळ्यात कागद हवेतलं पाणी पिऊन फुगायचा, आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडायचे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने त्यावर जी यंत्रणा आखली, तिच्या आराखड्यावर १७ जुलै १९०२ ही तारीख आहे. हवेतलं पाणी काबूत ठेवणं, हे तिचं पहिलं काम होतं. किनाऱ्यावर मे महिन्यात तापमान ३३-३४ च्या वर सहसा जात नाही, तरी जीव नकोसा होतो तो घाम सुकत नाही म्हणून. इथे मशीनची बरीचशी शक्ती हवा सुकवण्यातच जाते. म्हणून मेस्त्रींचं दुसरं लक्ष पाण्याकडे. दीड टनाचं मशीन दमट दिवसात तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज काढतं. ड्रेन पाइपाखाली बादली ठेवायची आणि अर्ध्या तासाने बघायची. बादली कोरडी असेल, तर कॉईल गार होत नाही. आणि पाइपातून येण्याऐवजी पाणी आतल्या भिंतीवरून ओघळत असेल, तर पाइप तुंबलाय. तो बहुतेकदा शेवाळाने तुंबतो. काही वेळा कुंभारमाशीने त्यात मातीचं घर बांधलेलं असतं. एक काडी आणि पाण्याचा फवारा, एवढ्यावर ते काम होतं.

विजेचे खेळ जास्त लपलेले. धुरीवाड्यातल्या एका घरची तक्रार होती, "सकाळी मस्त थंड, दुपारी नुसता वारा." मेस्त्री दुपारी दोनलाच गेले. आउटडोरचा पंखा फिरत होता, पण जीव नसल्यासारखा. कॉम्प्रेसरची उष्णता बाहेर जात नव्हती. दहा मिनिटांत तो तापून स्वतःचं संरक्षण म्हणून बंद पडायचा, अर्ध्या-पाऊण तासाने गार झाला की परत सुरू व्हायचा. पंख्याच्या मोटरचा कपॅसिटर काढून मीटरला लावला, तर त्यावर छापलेल्या आकड्याच्या निम्मीही ताकद उरली नव्हती. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. त्या घरातही आदल्या वर्षी गॅस भरून झाला होता.

आणखी एक हत्यार ते खिशात ठेवतात, क्लॅम्प मीटर. वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावायचा आणि किती अँपियर वाहतात ते वाचायचं. दीड टनाचं नेहमीचं मशीन सात-आठ अँपियर घेतं. मीटर अर्धा अँपियर दाखवत असेल, तर बाहेर फक्त पंखा चाललाय, कॉम्प्रेसर झोपलाय. तीन-चार दाखवत असेल, तर कॉम्प्रेसर फिरतोय पण त्याला ओढायला फारसं काही मिळत नाही. तेव्हा कुठे गॅसचा संशय घ्यायचा. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० च्या आसपास उतरलेलं त्यांनी कित्येकदा मोजलंय. अशा वेळी कॉम्प्रेसर हुंकार देतो, उठत नाही. आणि पावसाच्या तोंडावर मुंग्या. उबेला आणि कोरड्या जागेला त्या पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, डब्यात शिरतात, रिलेच्या दोन पत्र्यांमधे चिरडतात, आणि संपर्कच होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. वीज काही दिवस गायब होती. ती परत आली त्या आठवड्यात मेस्त्रींनी जितके जळालेले पीसीबी काढले, तितके आधीच्या अख्ख्या वर्षात काढले नव्हते.

आता खारा वारा. मालवणात त्याचं वेगळं वर्णन करावं लागत नाही. खिडकीचे गज, स्कूटरचा सायलेन्सर, दाराच्या बिजागऱ्या रोज सांगत असतात. २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनी त्याचं अनावरण झालं होतं, म्हणजे नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. त्यानंतर गंजलेल्या नट-बोल्टांवर राज्यभर चर्चा झाली. तिथून समोर पाहिलं की कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला, दगड, चुना आणि पायात ओतलेल्या शिशावर उभा. एसीच्या नशिबी ना दगड, ना शिसं. त्याची कॉईल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांना घट्ट बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्यावर दर दुपारी समुद्रावरून येणाऱ्या मिठाचा ओलसर थर. बॅटरीत जे घडतं तेच इथे घडतं: कमजोर धातू झिजतो, आणि या जोडीत ॲल्युमिनियम कमजोर. पात्या सगळ्यात आधी झिजतात त्या तळाशी, जिथे त्यांनी नळीला मिठी मारलेली असते. वरून पात्या उभ्या दिसतात, पण नळीपासून सुटलेल्या असतात. गॅस पुरेपूर असूनही मग उष्णता बाहेर जात नाही. मशीन चालतं, बिल वाढतं, खोली तशीच. झीज आणखी वाढली की एक दिवस नळीला किंवा सांध्याला सुईच्या अग्राएवढं भोक पडतं.

देवबागच्या त्या घरी हे दोन्ही झालं होतं. आणि तिथेच मेस्त्रींनी बाईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो, आणि नळ्या शाबूत असतील तर दहा वर्षांनीही तेवढाच असतो. म्हणजे ज्या मशीनला दर वर्षी गॅस लागतो, त्याला भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी घालणं.

नीट काम कसं होतं, तेही त्यांनी सांगितलं. आधी उरलेला गॅस काढायचा. मग नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून गळती शोधायची. ऑक्सिजन चुकूनही भरायचा नाही, कारण आतल्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. गळती झाळून बंद केली की व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल शोषून घ्यायची, आणि मग पाटीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून सोडायचा. यात अर्धा दिवस जातो. 'टॉप-अप' पंधरा मिनिटांत होतो. मे महिन्यात, दारात गिऱ्हाईक घामाघूम असताना, दोन्ही बाजूंना पंधरा मिनिटंच परवडतात.

गॅसही बदलत गेलेत. मेस्त्री शिकले ते आर-२२ वर. ओझोनच्या थराला बाधणाऱ्या वायूंबाबत १९८७ साली माँट्रिअलला करार झाला, त्याच्या यादीत पुढे तोही आला. भारतात २०२५ सुरू झाल्यापासून नव्या मशीनच्या उत्पादनात तो वापरता येत नाही. मधे आर-४१० आला. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण पृथ्वी तापवण्यात एक किलो आर-४१० दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. आता नव्या बहुतेक मशीनांत आर-३२. तो त्या मानाने तिसऱ्या हिश्श्याइतकाच तापवतो, पण थोडा ज्वलनशील आहे. नळीत तो उरलेला असताना बर्नर पेटवायचा नाही, हा धडा मुंबईत शिकून आलेल्या जुन्या हातांनाही नव्याने गिरवावा लागला. देवबागच्या मशीनमधून अडीच वर्षांत तीन वेळचा गॅस हवेत गेला. बाईंचे पैसे गेले ते वेगळेच.

मशीन पूर्ण निर्दोष असूनही खोली गार होत नाही, असा एक प्रसंग मेस्त्री आवर्जून सांगतात. कट्टा गावाच्या पुढे एक जुनं चिरेबंदी कौलारू घर. मुंबईतल्या मुलाने वडिलांसाठी दीड टनाचं नवं मशीन बसवून दिलं. पंधरा दिवसांत तीन मेकॅनिक येऊन गेले. मेस्त्रींनी मोजलं: जाळीतून १४ अंशांची हवा, सात अँपियर, ड्रेनमधून पाण्याची धार. आणि खोली ३१. त्यांनी देवघरातली उदबत्ती मागितली, स्टुलावर चढले आणि ती भिंतीच्या माथ्याशी धरली. धूर क्षणभर सरळ उभा राहिला आणि मग वाशांच्या मधून, कौलांच्या फटींतून, बाहेर ओढला गेला. भिंत आणि कौलं यांच्यामधे सगळीकडे चार बोटं मोकळी जागा होती. आतली गार हवा जात होती, बाहेरची दमट हवा येत होती, आणि मशीन बिचारं सबंध कट्टा गावची हवा सुकवत बसलं होतं.

वडिलांना याचं आश्चर्य वाटलं नाही. "माझ्या बापाशीन घर बांधला ता वाऱ्यासाठीच," ते म्हणाले. गरम हवा वर चढावी आणि कौलांतून निघून जावी, खालून पडवीतला वारा आत यावा, ही त्या घराची जुनी रीत. एसीला घर बंद लागतं. दोन्ही एकाच छपराखाली नांदत नाहीत. मेस्त्रींनी दोन पर्याय दिले: मशीन परत करा, नाहीतर एका खोलीला खालून छत मारा आणि खिडक्यांच्या फटी बुजवा. मुलाने मधल्या खोलीला छत मारलं. ती खोली आता गार होते. वडील दुपारी पडवीतच झोपतात.

मेस्त्रींना हा क्रम कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही, एका चुकीने शिकवला. मालवणात परत आल्यावरच्या पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका दवाखान्यातलं मशीन, तक्रार तीच. त्यांनी जाऊन सरळ गेज लावलं. दाब कमी दिसला. दाब कमी म्हणजे गॅस कमी, असं धरून त्यांनी गॅस सोडला, काटा जागेवर आला, हवाही जरा गार झाली. सोळा-सतरा दिवसांत कॉम्प्रेसर जाम झाला. उघडल्यावर समजलं, आतली कॉईल धुळीने बुजली होती. वारा कमी म्हणून दाब कमी. गॅस पहिल्यापासून पुरेसा होता. वर भरलेला गॅस वाफ न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरमध्ये परतला. द्रव दाबता येत नाही, त्यात आतले भाग मोडले. नव्या कॉम्प्रेसरचे निम्मे पैसे मेस्त्रींनी स्वतःच्या खिशातून भरले. तेव्हा ते महिन्याच्या कमाईइतके होते. "गेजवरचो आकडो बरोबर होतो," ते म्हणतात, "माझा वाचन चुकला." तेव्हापासून गेज पिशवीच्या तळाशी असतं आणि थर्मामीटर वर.

या सचोटीचा धंद्याला तोटाही होतो. "गॅस लागत नाही, नुसतं धुवायला हवं" असं सांगितलं की काही लोक नाराज होतात; मोठ्या दुखण्याला मोठं औषध नाही, हे त्यांना पटत नाही. काहींनी दुसऱ्याला बोलावून गॅस भरून घेतला आणि जूनच्या पहिल्या पावसात हवा गार झाली, तेव्हा त्याचं श्रेय गॅसला दिलं. पर्यटकांची तऱ्हा आणखी वेगळी. खोलीत शिरल्या शिरल्या रिमोट १६ वर. १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही, नेहमीचा कॉम्प्रेसर २४ वरही तेवढ्याच जोराने चालतो. फक्त १६ वर तो थांबत नाही. १ जानेवारी २०२० पासून देशातली स्टारवाली मशीनं सुरू करताना २४ अंशांवर उघडतील असा नियम आहे, आणि एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. होमस्टेवाल्यांनी ही माहिती भिंतीवर लावून पाहिली. पाट्या तशाच राहिल्या, रिमोटही १६ वर राहिला.

देवबागच्या त्या दुपारी मात्र बाईंनी ऐकून घेतलं. मेस्त्रींनी त्यांच्यापुढे हिशेब ठेवला: आता गॅस भरला तर पावसाळ्यापर्यंत निघेल, फार तर गणपतीपर्यंत. झाळायला गेलं तर पीठ झालेल्या कॉईलवर दुसरं भोक पडेल. कॉईल बदलायची, तर तेवढ्यात नव्या मशीनचे निम्मे पैसे होतात. पुण्याच्या कुटुंबाला शेजारच्या खोलीत हलवलं, रात्री जेवणात जास्तीची कोळंबी वाढली, आणि पैसे परत द्यायची वेळ आली नाही.

जूनमध्ये, हंगाम संपल्यावर, नवं मशीन आलं. मेस्त्रींनी सांगितलं म्हणून बाहेरच्या कॉईलला निळा लेप असलेलं घेतलं. आउटडोर खाडीच्या अंगाला, पूर्वेच्या भिंतीवर बसवलं. त्यासाठी पाइप अडीच मीटर जास्त लागला आणि स्टँडचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले. महिन्यातून एकदा, मशीन बंद करून, बाहेरची कॉईल गोड्या पाण्याने धुवायची, असं बाईंना दोनदा बजावलं. दोनदा अशासाठी, की देवबागात काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, आणि त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ काढायला मीठ लावणं. पत्र्यावर मेस्त्रींनी मार्करने तारीख लिहिली, गॅसचं वजन लिहिलं आणि त्या दिवशी मोजलेले, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे दोन आकडे लिहिले: २६ आणि १५.

त्याला आता तीन मे महिने झाले. बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नळाच्या पाण्याने आउटडोर धुतात. मार्करची शाई उन्हाने फिकी झाली आहे, पण आकडे वाचता येतात. मेस्त्री मार्चमध्ये येऊन थर्मामीटर लावून जातात. गेल्या खेपेला २७ आणि १६ होते. त्या मशीनला अजून एकदाही गॅस भरावा लागलेला नाही.